दोघांचेही २१२ गुण : १९९९ चा कार्ट हंगाम

गिअरवाला

मराठीत गाड्यांच्या शर्यतींचा विषय निघाला की तो फॉर्म्युला वनपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या गाड्यांवर आपल्याकडे कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा. त्यातही मला एकाच हंगामाबद्दल बोलायचंय, १९९९ चा कार्ट हंगाम. कार्ट म्हणजे तिथली या गाड्यांची मालिका.

वीस शर्यती झाल्या. शेवटची संपली तेव्हा हुआन पाब्लो माँतोयाचे २१२ गुण होते आणि डॅरिओ फ्रँकिटीचेही २१२. माँतोयाचे ७ विजय, फ्रँकिटीचे ३, म्हणून अजिंक्यपद माँतोयाला मिळालं. पण त्या दिवशी कुणी जल्लोष केला नाही. त्याच शर्यतीच्या दहाव्या फेरीत ग्रेग मूर गेला होता. २४ वर्षांचा पोरगा.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. गाडी एकाच माणसाची, चाकं उघडी, दिसायला फॉर्म्युला वनसारखी. फरक मैदानांत आहे. फॉर्म्युला वनची गाडी वळणावळणांच्या ट्रॅकवर धावते. कार्टचा ड्रायव्हर एका रविवारी लाँग बीचच्या रस्त्यांवरून, दुसऱ्या रविवारी नाझरेथच्या एक मैलाच्या लंबगोलावर, नंतर क्लीव्हलँडच्या विमानतळाच्या धावपट्टीवर आणि मग मिशिगनला दोन मैलांच्या लंबगोलावर ताशी ३५० किलोमीटरच्या आसपास गाडी हाकायचा. रस्त्यावरचा राजा लंबगोलावर भिजलेल्या मांजरासारखा होतो, हे तिथं नेहमीचं. अजिंक्य व्हायचं तर सगळं यायला हवं. मला या खेळाची ओढ लागली ती यामुळेच.

१९९९ मध्ये गाड्याही तऱ्हेतऱ्हेच्या. होंडा, फोर्ड, मर्सिडीज आणि टोयोटा अशी चार इंजिनं, २.६५ लिटरची टर्बो व्ही-८, इंधन मेथेनॉल. सांगाडे रेनार्ड, स्विफ्ट, लोला, पेन्स्के. टायर फायरस्टोन नाहीतर गुडइयर.

माँतोया बोगोटाचा, युरोपात १९९८ ची फॉर्म्युला ३००० (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) जिंकून आलेला. चिप गनासीच्या संघात ॲलेक्स झनार्डीची जागा रिकामी झाली होती, कारण झनार्डी विल्यम्सकडे फॉर्म्युला वनला गेला. विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर माँतोया इकडे आला. झनार्डीला त्या वर्षी तिकडे एकही गुण मिळाला नाही. माँतोयानं इकडे पहिल्याच वर्षी लाँग बीच, नाझरेथ आणि रिओ ओळीनं जिंकल्या. रस्ता, छोटा लंबगोल आणि परत एक लंबगोल! मग क्लीव्हलँड. मग मिड-ओहायो, शिकागो, व्हँकुव्हर पुन्हा ओळीनं.

फ्रँकिटी स्कॉटिश, टीम ग्रीनचा. टोरँटो, डेट्रॉईट आणि ऑस्ट्रेलियातलं सर्फर्स पॅराडाईज असे तीन विजय त्याचे.

माझं मत स्पष्ट सांगतो. अजिंक्यपद योग्य माणसाकडे गेलं. पण त्या वर्षाची गोष्ट माँतोयापाशी थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होते. बाकीच्यांनी सांगा.

-----

सई_ठाणे

मला यातलं काहीच माहीत नव्हतं, सलग वाचून काढलं. एक प्रश्न. इंडियानापोलिस ५०० हे नाव तर मी ऐकलंय, पण तुमच्या यादीत ते नाहीच. ती शर्यत या वीसमध्ये नव्हती का?

-----

गिअरवाला

बरोबर पकडलंत ताई. नव्हती. १९९६ पासून अमेरिकेत दोन वेगळ्या मालिका झाल्या. इंडियानापोलिसच्या मैदानाचे धनी टोनी जॉर्ज यांनी स्वतःची इंडी रेसिंग लीग काढली आणि इंडी ५०० तिकडे गेली. बहुतेक नामांकित संघ कार्टमध्येच राहिले. म्हणजे सगळ्यात मोठी शर्यत एकीकडे आणि बहुतेक बिनीचे ड्रायव्हर दुसरीकडे. १९९९ ची इंडी ५०० केनी ब्रॅकनं ए. जे. फॉयटच्या गाडीतून जिंकली. रॉबी गॉर्डन आघाडीवर होता आणि अगदी शेवटाला त्याचं इंधन संपलं. माँतोया त्या मैदानावर उतरला २००० मध्ये, आणि २०० पैकी १६७ फेऱ्या आघाडीवर राहून जिंकला.

या भांडणानं खेळाचं फार नुकसान झालं. प्रेक्षक वाटले गेले, पैसा वाटला गेला. दोन्ही घरं एक व्हायला २००८ उजाडलं.

-----

मिशिगनकर

गिअरवाला, धाग्यासाठी मनापासून आभार. मी १९९७ मध्ये नोकरीसाठी डेट्रॉईटला आलो. आमच्या भागात गाड्यांच्या कारखान्यांत नि डिझाईन ऑफिसात मराठी मंडळी तेव्हाही पुष्कळ होती. ऑगस्ट १९९९ मध्ये बेल आयलला आम्ही चौघे गेलो होतो, डबे घेऊन. बेल आयल म्हणजे नदीतलं बेट, एरवी लोक तिथं पोरांना घेऊन फिरायला जातात. त्याच रस्त्यांवर काँक्रीटच्या भिंती उभ्या करून शर्यत.

पहिल्यांदा लक्षात राहिला तो मेथेनॉलचा वास. पेट्रोलचा नाही तो. थोडा गोडसर, आणि पिटच्या (शर्यतीत इंधन-टायरसाठी गाड्या थांबतात ती जागा) जवळ गेलं की डोळे चुरचुरतात. मेथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून इंधन भरून झालं की एकजण त्या जागेवर पाणी मारायचा. काही पेटलेलं नसायचं तरीही मारायचाच. मला ते बघताना फार विचित्र वाटलं. आगीची भीती, पण आग दिसणार नाही हे गृहीत धरून केलेलं काम. कारखान्यात सुरक्षेचे कितीतरी नियम मी पाठ केले, पण सुरक्षा म्हणजे काय हे मला त्या पाण्यावरून कळलं.

ती शर्यत फ्रँकिटीनं जिंकली. हिरव्या गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा.

आता अजिंक्यपदाबद्दल. मी सहमत नाही. सात विजय मोठे आहेत, मान्य. पण वीस शर्यतींची मालिका असेल तर गुणांसाठी खेळायचं असतं. समसमान गुणांवर विजय मोजायचा नियम आहे म्हणून निकाल लागला, एवढंच. फ्रँकिटी कमी पडला असं कुणी म्हणू नये. शेवटच्या शर्यतीत, कॅलिफोर्नियातल्या फोंटानाला, पिटमध्ये त्याच्या गाडीच्या चाकाचं नट नीट बसलं नाही. तिथं वेळ गेला. तो दहावा आला. नववा आला असता तर?

-----

गिअरवाला

काका, तो हिशोब मी शंभरदा केलाय. गुण होते २०, १६, १४, १२, १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. पोलला (सगळ्यात पुढून सुरुवात करणाऱ्याला) एक जास्त आणि सगळ्यात जास्त फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला एक जास्त. फोंटानाला उतरताना फ्रँकिटी २०९, माँतोया २००. माँतोया चौथा आला, १२ मिळाले. फ्रँकिटी दहावा, ३ मिळाले. २१२ आणि २१२. फ्रँकिटी नववा आला असता तर २१३ आणि ट्रॉफी त्याची. माँतोया पाचवा आला असता तरी ट्रॉफी फ्रँकिटीचीच. ५०० मैलांच्या शर्यतीत एका जागेचा फरक.

पण मग मिशिगनची यू. एस. ५०० पण मोजा ना. मॅक्स पॅपिस शेवटच्या फेरीत आघाडीवर होता आणि त्याची टाकी कोरडी झाली. टोनी कनान पुढं निघाला आणि माँतोयाला ०.०३२ सेकंदानं हरवून कारकिर्दीतला पहिला विजय घेऊन गेला. त्या वेगात ते अंतर एका गाडीच्या लांबीएवढंही भरत नाही. तिथं माँतोयाचे चार गुण गेले. ह्यूस्टनला तो आघाडीवर असताना कॅस्ट्रोनेव्हेसच्या अडकलेल्या गाडीवर जाऊन आदळला. नशिबाच्या खात्यात दोघांचीही बाकी आहे, फक्त नटाची तेवढी सगळ्यांना आठवते.

-----

मिशिगनकर

ह्यूस्टन मान्य. पण सर्फर्स पॅराडाईजला माँतोयानं गाडी स्वतःच्या हातानं भिंतीत घातली. तिथवर गुणांत तो पुढं होता. फ्रँकिटीनं ती शर्यत जिंकली आणि तो पुढं गेला. दडपण असताना कोण स्थिर राहिलं, याचं उत्तर मला तिथं मिळतं. माँतोया वेगवान होता, फार वेगवान, पण अजिंक्य म्हणताना मी स्थिरपणाही मोजतो.

-----

वळणदार

दोघांचंही वाचतोय. एक मुद्दा. माँतोया त्या वर्षी नवखा होता. नवख्यानं कार्टचं अजिंक्यपद घेण्याची ही दुसरीच वेळ, पहिला नायजेल मॅन्सेल १९९३ मध्ये. पण मॅन्सेल आला तेव्हा फॉर्म्युला वनचा जगज्जेता होता, चाळिशीला टेकलेला. माँतोया २४ चा. त्याला लंबगोलाचा फारसा अनुभव नव्हता आणि त्यानं नाझरेथ जिंकलं. नाझरेथ म्हणजे मारिओ आंद्रेत्तीचं गाव, तिथला ट्रॅक वरखाली, वळणं सारखी नाहीत. तिथं गाडी सरळ ठेवणं म्हणजे ताटातलं वरण न सांडता घाटातून उतरणं आहे. सर्फर्सची चूक त्या विजयापुढं मला छोटी वाटते.

-----

सई_ठाणे

पॅपिसची टाकी कोरडी झाली म्हणजे नेमकं काय झालं? एवढे इंजिनिअर असताना इंधन संपतंच कसं? आमच्याकडे स्कूटरला सुद्धा रिझर्व्ह असतं.

-----

वळणदार

ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. प्रत्येक गाडीला शर्यतीसाठी ठराविकच मेथेनॉल मिळायचं. म्हणजे जिंकायचं तर वेगही हवा आणि काटकसरही. ड्रायव्हर आपल्या जागेवरून मिश्रण पातळ-दाट करू शकायचा, सरळ पट्टीवर पाय लवकर उचलून वाचवू शकायचा, पुढच्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहून वाचवू शकायचा. मिशिगन आणि फोंटानाला त्या काळी मागच्या पंखावर हँडफर्ड पट्टी बसवायचे. तिनं हवेचा अडथळा खूप वाढायचा, म्हणून पुढच्या गाडीला जास्त इंधन लागायचं आणि मागच्याला ओढ मिळायची. आघाडीवर राहणं महागात पडायचं. पॅपिस आघाडीवर होता.

हे लोकांना कंटाळवाणं वाटतं. पण ५०० मैलांच्या शर्यतीचं खरं नाटक याच हिशोबात असतं. किती उरलंय हे रेडिओवर बोलताना पिटवाल्याचा आवाज कसा बदलतो ते ऐका कधी.

-----

निशिगंधा_के

मी व्हँकुव्हरजवळ राहते. ग्रेग मूर इथलाच, मेपल रिजचा. आमच्याकडे अजून त्याचं नाव निघालं की लोक त्याच्या लाल हातमोज्यांबद्दल बोलतात. गाडीचा नंबर ९९, निळा-पांढरा रंग, आणि त्यात ते लाल मोजे लांबूनही ओळखू यायचे.

त्याच्याबद्दल इथं थोडं जास्त लिहा ना कुणीतरी. धाग्यात तो फक्त अपघात होऊन राहू नये.

-----

मिशिगनकर

निशिगंधा, अगदी खरं बोललात. मीच लिहायला हवं होतं.

१९९७ मध्ये मूरनं मिलवॉकी जिंकली तेव्हा तो २२ वर्षांचा होता, त्या वेळचा सगळ्यात तरुण विजेता. लगेच पुढची डेट्रॉईटही जिंकली. तेव्हा मी नुकताच आलो होतो, शर्यत टीव्हीवर बघितली. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन्ही गाड्यांचं इंधन संपलं, आधी गुगेलमिन, मग ब्लंडेल, एकाच संघाचे दोघं. आणि मूर समोर आला. सई, तुमच्या स्कूटरच्या रिझर्व्हची आठवण झाली. १९९८ मध्ये त्यानं रिओ आणि मिशिगन घेतलं. १९९९ ची पहिलीच शर्यत, होमस्टेड, पोलवरून जिंकली.

मग मर्सिडीजचं इंजिन मागं पडत गेलं आणि तो वर्षभर झगडत राहिला. तरी लंबगोलावर त्याला बघायला लोक यायचे. बाहेरच्या बाजूनं, भिंतीला खेटून, जिथं टायरची धूळ साचलेली असते तिथून तो पुढं काढायचा.

१९९९ च्या डेट्रॉईटला आम्ही पॅडॉकमध्ये गेलो होतो. कार्टमध्ये प्रेक्षकाला तिकीट काढून गाड्यांच्या तंबूंपर्यंत जाता यायचं. तो एका घडीच्या खुर्चीवर बसून सँडविच खात होता आणि समोरच्या एका लहान मुलाच्या टोपीवर सही करत होता. सही करायला सँडविच मांडीवर ठेवलं. टोपी परत देताना तिला लागलेला पावाचा चुरा त्यानं फुंकून उडवला. बस, एवढंच. मी त्याच्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

-----

कोकण_सॅनहोजे

हा धागा मला आज दिसला. मी तेव्हा कॅलिफोर्नियात शिकत होतो आणि लागुना सेकाला गेलो होतो, ११ सप्टेंबर १९९९ च्या शनिवारी. याचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून लिहितो. त्या वर्षी एक नाही, दोन ड्रायव्हर गेले. गोंझालो रॉड्रिगेझ, उरुग्वेचा, पेन्स्केच्या गाडीत. फॉर्म्युला ३००० मध्ये तो माँतोयाचा प्रतिस्पर्धी होता. डेट्रॉईटला कार्टमध्ये पहिली शर्यत धावला, गुण मिळवला. दुसरी शर्यत त्याला मिळालीच नाही. सकाळच्या सरावात कॉर्कस्क्रूपाशी गाडी सरळ गेली, अडथळ्यावर आदळली आणि पलीकडे उलटली.

कॉर्कस्क्रू ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: टेकडीच्या माथ्यावर डावीकडे वळायचं आणि त्याच क्षणी जमीन पायाखालून निघून जाते, मग लगेच उजवीकडे, आणि हा सगळा उतार काही मजले खाली नेतो. आम्ही वरच्या बाजूला नव्हतो. आम्हाला फक्त एवढंच कळलं की आवाज बंद झाले. सराव थांबला. गवतावर लोक उभे राहिले आणि कुणी कुणाशी बोलेना. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली, ब्रायन हर्टा जिंकला. पेन्स्केनं आपल्या गाड्या मागं घेतल्या होत्या.

-----

गिअरवाला

कोकण, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. मी रॉड्रिगेझचं नाव सुरुवातीलाच घ्यायला हवं होतं. चुकलंच माझं.

-----

मिशिगनकर

बेल आयलला शर्यत संपल्यावर निकालाच्या फलकावर बारावा नंबर रॉड्रिगेझ असं वाचलेलं मला आठवतंय. आम्ही विचारलं होतं, हा कोण नवा?

-----

वळणदार

मूरच्या अपघाताबद्दल तांत्रिक अंगानं लिहितो, कारण नंतर काय बदललं ते समजायला हवं.

आदल्या दिवशी फोंटानाच्या पॅडॉकमध्ये मूर स्कूटरवर होता आणि त्याला एका गाडीची धडक बसली. हाताला इजा झाली. त्याच्या जागी चालवायला रॉबर्टो मोरेनोला तयार ठेवलं होतं. डॉक्टरांनी तपासून मूरला परवानगी दिली, पण पात्रता फेरी हुकली म्हणून तो सगळ्यात मागून निघाला.

शर्यतीच्या सुरुवातीलाच दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना रिची हर्नची गाडी घसरून आतल्या भिंतीवर आदळली. तो चालत बाहेर आला. पुन्हा हिरवा झेंडा दाखवला आणि दहाव्या फेरीत मूरची गाडी त्याच ठिकाणी सुटली. आतल्या बाजूला गवत होतं. गवतावर घसरणारी गाडी वेग टाकत नाही, डांबरावर टाकते, हा एवढा साधा फरक. ती आडवी होऊन उलटली आणि ड्रायव्हरची बाजू काँक्रीटच्या भिंतीवर गेली.

लोक म्हणतात हॅन्स असतं तर वाचला असता. हॅन्स म्हणजे डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण, कार्टनं ते २००१ पासून लंबगोलांवर सक्तीचं केलं. त्यानं पुढं कितीतरी जण वाचले. पण गाडी समोरून आदळते तेव्हा ते कामाला येतं. मूरच्या अपघाताचा प्रकारच वेगळा होता. तिथं उपाय होता तो जमिनीचा, आणि नंतर त्या आतल्या भागावर डांबर टाकलं गेलं. मला याचा राग येतो. हर्नची गाडी त्याच गवतावरून गेली होती. थोडी मिनिटं आधी.

-----

सई_ठाणे

राग समजला. पण मग शर्यत थांबवली का नाही?

-----

कोकण_सॅनहोजे

थांबवली नाही. त्याला हेलिकॉप्टरनं लोमा लिंडाच्या रुग्णालयात नेलं. कार्टचे वैद्यकीय प्रमुख डॉ. स्टीव्ह ओल्व्ही यांनी नंतर तो गेल्याचं जाहीर केलं. शर्यत तोवर चालूच होती. ड्रायव्हरांना रेडिओवर सांगितलं नाही. ताशी साडेतीनशेनं भिंतीपासून हातभर अंतरावरून जाणाऱ्या माणसाला मित्र गेल्याचं सांगायचं कसं, हा विचार असणार. फ्रँकिटी, कनान, पॅपिस आणि मूर ही चौघांची घट्ट दोस्ती होती. त्यांतले तिघे चालवत होते. पॅपिस दुसरा आला. जिंकला एड्रियन फर्नांडेझ.

फ्रँकिटी दहाव्या नंबरवर येऊन गाडीतून उतरला तेव्हा त्याला आधी कळलं ते मूरचं. अजिंक्यपद गेलं हे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

-----

निशिगंधा_के

पुढच्या वर्षी मूर पेन्स्केकडे जाणार होता, करार झाला होता. जिल दी फेरानच्या जोडीला. त्याच्या जाण्यानं ती जागा एलिओ कॅस्ट्रोनेव्हेसला मिळाली. एलिओचा संघ बंद पडत होता, त्याच्याकडे काम नव्हतं. नंतर कॅस्ट्रोनेव्हेसनं इंडी ५०० चार वेळा जिंकली, २००१, २००२, २००९ आणि २०२१. मी त्याला कधीच वाईट म्हणणार नाही, तो आम्हाला आवडतो. पण तो विजयानंतर कुंपणावर चढला की इथं आमच्या घरी सगळे जरा गप्प होतात.

-----

गिअरवाला

मिशिगनकर काका, तुमच्यासाठी दोन गोष्टी ठेवल्या होत्या, आता लिहितो.

एक. माँतोया २०१४ मध्ये इंडीकारमध्ये, म्हणजे एक झालेल्या मालिकेत, परत आला होता, पेन्स्केकडून. २०१५ मध्ये इंडी ५०० जिंकली. वर्षभर गुणांत पहिला. शेवटची शर्यत झाल्यावर त्याचे ५५६ आणि स्कॉट डिक्सनचेही ५५६. डिक्सनचे विजय ३, माँतोयाचे २. या वेळी त्याच नियमानं त्याला अजिंक्यपद दिलं नाही. सोळा वर्षांनी.

दोन. फ्रँकिटी. २००७, २००९, २०१०, २०११ असा चार वेळा इंडीकार अजिंक्य. इंडी ५०० तीनदा. तुम्ही स्थिरपणा म्हणालात तो त्याच्यात होताच, तुमचं ते म्हणणं मी मान्य करतो. पण २०११ चं अजिंक्यपद त्याला मिळालं लास वेगासला, जिथं डॅन व्हेल्डन गेला आणि शर्यत रद्द झाली. ड्रायव्हरांनी व्हेल्डनसाठी पाच फेऱ्या मारल्या. गाडीत बसलेल्या फ्रँकिटीला तेव्हा रडू आवरत नव्हतं. १९९९ मध्ये हरला तेव्हाही मित्र गेला आणि जिंकला तेव्हाही.

त्याची कारकीर्द २०१३ मध्ये ह्यूस्टनच्या अपघातानं संपली.

-----

मिशिगनकर

डिक्सनवाली गोष्ट मला माहीत होती, पण १९९९ शी जोडून कधी बघितली नव्हती. ठीक आहे. ट्रॉफी माँतोयाची. नट मात्र मी विसरणार नाही.

-----

सई_ठाणे

मला हा हंगाम बघायचाय. जुन्या शर्यती इंटरनेटवर मिळतात असं दिसतंय. कुठून सुरुवात करू? वीस तर जमणार नाहीत, घरात दोन लहान मुलं आहेत.

-----

गिअरवाला

लाँग बीचपासून करा, माँतोयाचा पहिला विजय. मग नाझरेथ. मग मिशिगनचे शेवटचे पंचवीस मिनिटं तरी. शिकागो बघा, घोड्यांच्या शर्यतींच्या जागेवर बांधलेला लंबगोल, त्या वर्षी कार्टची तिथली पहिलीच शर्यत. फोंटाना शेवटी, आणि तेव्हा मुलं झोपलेली असू देत.

-----

वळणदार

होमस्टेड राहिलं की. मूर जिंकला ती. सगळ्यात आधी ती बघा ताई.

-----

सई_ठाणे

अपडेट. महिनाभर लागला. वळणदारांचं ऐकून होमस्टेडपासून केली. लाल मोजे दिसले. मिशिगनचा शेवट माझ्या धाकटीनं पण बघितला, पॅपिसची गाडी हळू झाली तेव्हा ती म्हणाली, आई त्याला धक्का द्या.

काल रात्री फोंटाना पाहिली. दहाव्या फेरीला मी आवाज बंद केला होता, मग पुन्हा लावला. नंतर मी नंबर मोजत बसले, फ्रँकिटीचा २७ कुठं आहे, माँतोयाचा ४ कुठं आहे. तुम्ही सगळे भांडत होतात ते नट आलं तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, अरे बसव ना. मग मधेच एकदा कॅमेरा मैदानाच्या वरून फिरला आणि झेंडे अर्ध्यावर उतरवलेले दिसले. खाली गाड्या तशाच धावत होत्या. मी तिथंच थांबवलं. बाकीची आज बघणार आहे.